अडलेले घर आणि मागितलेली मदत

बोरिवलीला राहणाऱ्या ६४ वर्षांच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा येथे देत आहे. चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात त्यांनी बावीस वर्षे नोकरी केली आणि त्या काळात रोज सकाळी लोकलच्या बायकांच्या डब्यात वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवले. निवृत्तीनंतर हा नेम त्यांनी घरी चालू ठेवला. मात्र आता रोज पाच-सहा शब्द अडतात. सून कामावर निघण्याच्या गडबडीतही मोबाईलवर शोधून उत्तर सांगते. ते लिहिताना त्यांना चोरी केल्यासारखे वाटते, म्हणून कित्येकदा त्या घरे रिकामीच ठेवतात, आणि सून खट्टू होते. विचारून सोडवलेले कोडे म्हणजे परीक्षेतली कॉपी, असे यजमानांचे मत आहे. आपली स्मरणशक्ती उतरणीला लागली की काय, ही धास्तीही पत्रात आहे. त्या विचारतात, ‘कोड्यासाठी मदत घ्यावी का, आणि घ्यायची तर किती आणि कोणाची?’ पत्राच्या तळाशी एक अडलेला शब्दही आहे: ढग, तीन अक्षरे, पहिले प, शेवटचे द. दुसऱ्या दिवशी मुसळधार पावसामुळे पेपर आला नाही, त्यामुळे त्याचे उत्तर त्यांना अजून कळलेले नाही.

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मला वाटते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. पहिल्या पानावर तुम्ही लिहिता, ‘पूर्वी मी रोज कोडे पूर्ण सोडवत असे.’ दुसऱ्या पानावर डब्याचे जे वर्णन आहे, त्यात मात्र कोडे सोडवणाऱ्या चौघी आहेत. पेपरची घडी तुमच्या मांडीवर आणि पेन तुमच्या हातात असे, हे खरे. पण नाटक-सिनेमातले नाव आले की मालाडला चढणारी मैत्रीण ते सांगत असे, पुराणातली पात्रे दुसरीच्या वाट्याची होती, मासे, भाजीपाला आणि शेतीची अवजारे कोकणात वाढलेल्या तिसरीला पाठ होती, आणि म्हणी, व्याकरण व समानार्थी शब्द एवढा प्रांत तुमचा होता. अंधेरी येईपर्यंत निम्मे आणि दादरच्या आत जवळजवळ सगळे कोडे होत असे, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे बावीस वर्षे तुम्ही रोज मदत घेत होतात आणि रोज मदत करत होतात. चौघींमध्ये ती इतकी सहज मिसळून गेली होती की तिला मदत म्हणण्याची वेळ कोणावर आली नाही.

तेव्हा आज अडणाऱ्या पाच-सहा शब्दांकडे पाहताना मोजपट्टी बदलायला हवी. चौघींनी मिळून पुरे केलेल्या कोड्याशी एकटीने सोडवलेल्या कोड्याची तुलना तुम्ही करत आहात, आणि तिच्यावरून स्वतःच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढत आहात. असे करून पाहा: आठवडाभर रोज रात्री, जे शब्द अडले त्यांच्यापुढे एका वहीत फक्त त्यांचा प्रकार लिहा. नट-नट्या, पुराण, मासे, गावे, म्हणी, समानार्थी शब्द, जे असेल ते. रिकामी घरे प्रामुख्याने तुमच्या मैत्रिणींच्या प्रांतांत निघतील, असा माझा अंदाज आहे. तसे निघाले तर तुम्ही काही विसरलेला नाहीत. ते शब्द कधीच तुमच्याकडे नव्हते, ते शेजारच्या बाकावर बसत होते.

काही शब्द मात्र तुमच्याच प्रांतातले असतील, अगदी ओठांवर असूनही न येणारे. वय वाढते तसे हे अधिक वेळा होते, विशेषनामांच्या बाबतीत तर फारच, आणि बहुतेकदा तो शब्द दुपारी भाजी निवडताना आपोआप समोर येऊन उभा राहतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, वर्षानुवर्षे केलेल्या व्यवहारात गोंधळ होणे, किंवा असे काही घरच्यांच्या लक्षात येणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. अडलेला आडवा सात हे ते कारण नव्हे. शब्दकोडे सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असेही ठामपणे सांगता येईल इतका पुरावा नाही. त्यामुळे तुम्ही कोडे औषध म्हणून घेऊ नका आणि तपासणी म्हणूनही घेऊ नका. ते आवडते म्हणून सोडवा.

आता यजमानांच्या आक्षेपाकडे वळते. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याच्यामागे आपल्याकडचा इतिहास आहे. एके काळी शब्दकोडे म्हणजे प्रवेश फी भरून खेळायची बक्षिसाची स्पर्धा असे, आणि तिच्यापायी घरातला पैसा जातो म्हणून अनेक वडीलधाऱ्यांना कोड्याचे नावही खपत नसे. तिथे एका अर्थाला दोन-तीन शब्द सारखेच बसत, आणि संपादकांनी आधी ठरवून ठेवलेल्या शब्दाशी आपला शब्द जुळला तरच बक्षीस मिळे. १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांविषयी कायदा केला, त्याच्या व्याख्येत शब्दकोड्यांच्या स्पर्धेचा नावानिशी उल्लेख आहे, आणि महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना त्याने मनाई केली. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९५७ साली न्यायालयाने सांगितले की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांसाठी आहे. जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, त्या स्पर्धांना तो लागू नाही. फी, बक्षीस आणि प्रतिस्पर्धी असतील तिथे कोणाला काय विचारले, हा प्रामाणिकपणाचा प्रश्न होतो, हे मला मान्य आहे. परीक्षेतही तो होतो, कारण तिथे आपण जे लिहितो त्यावरून दुसरा कोणी आपल्याविषयी काही ठरवणार असतो. तुमच्या सकाळच्या कोड्याचे गुण कोणी देत नाही आणि तुमच्यामुळे कोणाचा नंबर हुकत नाही. मग फसवणूक कोणाची होते, हे यजमानांना शांतपणे विचारून पाहा.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगा. वर्तमानपत्रातले पहिले शब्दकोडे म्हणून जे ओळखले जाते, ते आर्थर विन यांनी रचले आणि ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले. हिऱ्याच्या आकाराच्या त्या कोड्यात सगळ्यात वरचा तीन अक्षरांचा शब्द छापतानाच भरून दिलेला होता, आणि तो शब्द होता ‘फन’, म्हणजे मौज. कोडे रचणाऱ्यानेच सोडवणाऱ्याला पहिली मदत करून ठेवली होती. आपली वर्तमानपत्रेही दुसऱ्या दिवशी उत्तर छापतात, ते याच समजुतीने.

पण याचा अर्थ सगळी मदत सारखीच, असा मी घेत नाही. सुनेने सांगितलेले उत्तर लिहिताना तुम्हाला जे खुपते, त्यात तथ्य आहे. फक्त त्याला चोरी हे नाव बरोबर नाही. तुम्हाला शोधायचे होते आणि तुमच्या हाती सापडलेले आले, हे खुपते. येथे दोन प्रकारच्या अडचणी वेगळ्या केल्या पाहिजेत. जे तुम्हाला मुळातच माहीत नाही, उदाहरणार्थ एखाद्या जुन्या नटाचे नाव, ते दोन तास डोके धरून बसल्याने माहीत होणार नाही. ते बेलाशक विचारावे, कोशात पाहावे, मोबाईलवर शोधावे, आणि पुढच्या वेळेसाठी वहीत टिपून ठेवावे. जे माहीत आहे पण आठवत नाही किंवा जे रचनेवरून काढता येईल, तिथे मात्र उत्तर ऐकणे म्हणजे आपल्या ताटातला घास दुसऱ्याने खाल्ल्यासारखे आहे. अशा वेळी उत्तर मागू नये, धागा मागावा.

धागा म्हणजे काय, हे मराठी कोड्यापुरते सांगते, कारण इंग्रजी कोड्यातले हिशेब इथे चालत नाहीत. आपल्या कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांच्यासह. इंग्रजी कोड्याच्या एका घरात सव्वीसच शक्यता असतात. आपल्याकडे एकेका व्यंजनाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरे, अशा शेकडो होतात. म्हणूनच मराठी कोड्यात एक अक्षर सांगणे ही फार मोठी मदत आहे. ‘र्ण’ कळले की शब्द जवळपास कळलाच. कोणी मदत करणार असेल, तर आधी अर्थाची दिशा, मग लागले तर एक अक्षर, आणि अगदी शेवटी शब्द, असा क्रम सांगून ठेवा.

तुमच्याच प्रांतातले उदाहरण घेऊ. ‘सोने, तीन अक्षरे’ असे आले, तर कनक, कांचन, सुवर्ण आणि हिरण्य हे चारही शब्द तीन घरांत नेमके बसतात. मोबाईल पाहून ‘सुवर्ण’ सांगणारा चुकत नाही, पण त्याच्या हातात तुमची चौकट नसते; कोणता शब्द घ्यायचा, हे उभे शब्दच ठरवणार. ‘कमळ, तीन अक्षरे’ यात तर आणखी गंमत आहे. पंकज, नीरज, सरोज, अंबुज, जलज, वारिज, सगळ्यांच्या शेवटी ज, त्यामुळे शेवटचे अक्षर मिळूनही फारसे हाती लागत नाही. इथे ‘चिखल आठव’ एवढाच धागा पुरतो, कारण पंक म्हणजे चिखल आणि ज म्हणजे त्यातून जन्मलेले. ही जोडणी एकदा ध्यानात आली की एका शब्दावर तीन शब्द मिळतात: पाण्याच्या नावापुढे ज लावला की कमळ, द म्हणजे देणारा, तो लावला की ढग, आणि धी लावला की समुद्र. नीरज, नीरद, नीरधी. जलज, जलद, जलधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. असे गठ्ठे वहीत करून ठेवा. आपल्या पूर्वजांनी अमरकोशात एकेका वस्तूची नावे श्लोकांत गुंफून ठेवली, ती पाठ होण्यासाठीच. कोडे सोडवणाऱ्याला आजही त्याचा उपयोग होतो.

शेवटच्या अक्षराकडे व्याकरणाच्या डोळ्याने पाहण्याची सवयही लावून घ्या. दिलेला अर्थ क्रियेचा असेल, ‘पळवून लावणे’ असा, तर शेवटच्या घरात बहुधा णे असणार, आणि ते पेन्सिलीने आधीच लिहून टाकता येते. अर्थ अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी हवे. ऱ्हस्व-दीर्घाने घात होतो तो तत्सम शब्दांत. जुन्या कोशांत तुम्हाला कवि, मति, जलधि असे दिसेल. १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे हे शब्द आपण कवी, मती, जलधी असे लिहितो. आडवा शब्द शेवटी धी मागतो आणि उभा धि, असे झाले की कित्येक जण बरोबर आलेला शब्द खोडतात. आधी हा भेद तपासावा, मगच शब्दावर काट मारावी. कधी कोडे छापतानाच चूक झालेली असते. दोन्ही बाजूंनी खात्री असूनही घर जुळत नसेल, तर पुढे जावे आणि उद्याच्या उत्तराची वाट पाहावी.

रिकाम्या घरावर बाराखडी फिरवणे हा आपला घरचा उपाय आहे. मधले आणि शेवटचे अक्षर ठाऊक असेल, तर पहिल्या घरात क, ख, ग पासून ह पर्यंत मोठ्याने म्हणत जावे, आणि जमले नाही तर का, खा, गा. हे मनात म्हणून भागत नाही. कानावर पडल्यावर शब्द ओळखीचा लागतो. डब्यात तुम्ही चौघी हेच मोठ्याने करत असाल. घरी एकटीने मोठ्याने बोलायचा संकोच वाटत असेल, तर तो सोडून द्या.

कोशाविषयी थोडे सांगायला हवे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्या कितीतरी आधीचा, १८३१ सालचा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. कोडे सोडवणाऱ्याची अडचण अशी की कोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो आणि आपल्याला नेमके तेच ठाऊक नसते. त्या संकेतस्थळावर मोल्सवर्थमध्ये उलटा शोध घेता येतो: इंग्रजी अर्थ टाकला की त्या अर्थाचे मराठी शब्द समोर येतात, आणि त्यातला आपल्या घरांत बसणारा निवडण्याचे काम तुमच्याकडेच राहते. अशी मदत मला सगळ्यात आवडते. छापील कोश हाताळायचा असेल, तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. बोरिवलीहून रोज जाणे शक्य नाही, पण वहीत साठलेले शब्द घेऊन महिन्यातून एखादी सकाळ तिथे घालवण्यासारखी आहे.

मोबाईलच्या उत्तरावर डोळे मिटून विश्वास का ठेवू नये, याचे एक साधे कारण सांगते. संगणकात देवनागरीचे काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे म्हणून साठवली जातात. ‘कांचन’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. यंत्राच्या हिशेबी त्यात क, काना, अनुस्वार, च आणि न अशी पाच चिन्हे आहेत. त्यामुळे ‘तीन अक्षरी शब्द सांग’ म्हटल्यावर ते पुष्कळदा भलत्याच लांबीचे शब्द ठामपणे सुचवते. आलेला शब्द बोटांवर मोजून, उभ्या शब्दांशी ताडून मगच लिहावा.

सुनेबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्यात ‘तिला वाटते म्हातारीला कटवावे’ असे एक वाक्य आहे. ताई, ते वाक्य तुम्ही मागे घ्यावे, असे मला मनापासून वाटते. गाडी गाठायची घाई असताना जी मुलगी चप्पल घालता घालता उत्तर शोधून देते, ती तुम्हाला कटवत नाही. तिला जमते तेवढे ती देते. तिला हवे ते तुम्ही कधी सांगितलेले नाही, एवढाच दोष मला दिसतो. आज संध्याकाळी सांगा: ‘मला लगेच शब्द सांगू नकोस. आधी अर्थाचा धागा दे, मी अडले तर अक्षर दे.’ सकाळची वेळ तर बदलाच. निघण्याच्या घाईत कोणालाही धागा देता येत नाही. धागा द्यायला नुसते उत्तर सांगण्यापेक्षा अधिक वेळ आणि अधिक विचार लागतो. अडलेले शब्द कागदावर लिहून फ्रीजला लावून ठेवा. रात्री जेवणे झाल्यावर तिला वेळ असेल तर पाहील, नसेल तर राहील. हे तिलाही मोकळेपणाने कळू द्या, म्हणजे कोडे हे तिच्यावर आणखी एक काम होणार नाही.

जे वाचक तुमच्या सुनेच्या जागी आहेत, त्यांनाही एक विनंती आहे. घरातले ज्येष्ठ कोड्यातला शब्द विचारतात तेव्हा त्यांना सोबत हवी असते, असे लगेच धरून चालू नये. कित्येकदा त्यांना खरोखर तो शब्दच हवा असतो आणि त्यामागे एकटेपणा शोधलेला त्यांना मुळीच आवडत नाही. ‘धागा देऊ, अक्षर देऊ, की शब्द सांगू?’ असे सरळ विचारावे आणि ते म्हणतील तेवढेच द्यावे.

मैत्रिणींचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण चौघींपैकी तिघी अजून मुंबईत आहेत आणि एक पुण्याला, असे लिहिले आहे. रोज फोन करणे तुम्हाला योग्य वाटत नाही, ते मी समजू शकते. त्यांच्याही घरी नातवंडे आणि दुखणी असतील. आठवड्यातून एकदा, रविवारच्या कोड्याचा फोटो दुपारी चौघींच्या ग्रुपवर टाकून पाहा. फोटो टाकावा, कारण पुण्याच्या घरी येणाऱ्या पेपरात तेच कोडे असेल असे नाही. संध्याकाळपर्यंत कोणी पूर्ण शब्द लिहायचा नाही, फक्त आकडा आणि ‘मला आला’ असे कळवायचे, एवढा एक नियम ठेवा. पुराणातल्या पात्राचा अधिकार पूर्वी जिचा होता, तिला तो परत मिळेल.

यजमानांनाही कोड्यापासून दूर ठेवू नका. कॉपीविषयी एवढे कडक मत असलेला माणूस उत्तरे तपासायला चांगला. दुसऱ्या दिवशीचे छापील उत्तर त्यांच्या हाती द्या आणि तुमची चौकट त्यांना तपासू द्या.

राहिला तुमचा ढग. मी शब्द सांगत नाही. शेवटचा द कुठून आला, ते वर लिहिलेच आहे, म्हणजे त्याच्याआधी पाण्याचे एखादे नाव हवे. संस्कृतमध्ये पाण्याचे एक नाव असे आहे, ज्याचा दुसरा अर्थ दूध असा होतो. त्याच्या शेवटी विसर्ग आहे, आणि मनः व रथ जोडताना विसर्गाचे जे होते, तेच इथेही होते. पहिले अक्षर तुमच्याकडे आहेच.